थोरल्या दवाखान्याआधीचे दार



आरोग्य देणारा, आजारात सावरणारा आणि शिफा देणारा जो एकमेव स्वामी, त्या अल्लाहची स्तुती असो, आणि त्याचे अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.) यांच्यावर, त्यांच्या परिवारावर व सहाबांवर दरूद व सलाम असो.

हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेली एक घटना अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आली आहे. काही सहाबी प्रवासात होते. त्यांच्यापैकी एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याच्यावर गुस्ल आवश्यक झाले. त्याने सोबत्यांना विचारले, मला तयम्मुमची सवलत आहे काय? पाणी उपलब्ध असताना सवलत कसली, असे उत्तर त्यांनी दिले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. ही वार्ता प्रेषितांच्या (सल्ल.) कानी गेली तेव्हा ते अत्यंत संतप्त झाले. या लोकांनीच त्याचा जीव घेतला, असे ते म्हणाले. ठाऊक नव्हते तर त्यांनी विचारले का नाही, अज्ञानाच्या आजारावर विचारणे हेच औषध आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

या घटनेवर थोडा विचार करा. ते सोबती दुष्ट नव्हते. त्यांच्या मनात त्या जखमी माणसाबद्दल वैर नव्हते. ते नमाजी होते, पाक-नापाकीची काळजी वाहणारे होते, धर्माच्या आज्ञेला जपणारे होते. तरीही प्रेषितांनी (सल्ल.) त्यांच्या निष्ठेची सबब मान्य केली नाही. जाणकाराला विचारल्याविना दिलेले उत्तर एका माणसाच्या मृत्यूला कारण ठरले, एवढेच त्यांनी पाहिले. हेतू चांगला असूनही न विचारणे प्राणघातक ठरू शकते, हा या हदीसचा धडा आहे. मदरशात शिकत असताना हा धडा मी तयम्मुमच्या प्रकरणात वाचला होता. त्याचा खरा अर्थ मात्र मला फार उशिरा कळला.

माझी चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. असरच्या नमाजनंतर एक तरुण माझ्याकडे आला. हातात पाण्याची बाटली होती. त्याची पत्नी आठ महिन्यांची गर्भवती होती. दोन दिवसांपासून तिचे डोके ठणकत होते, पाय सुजले होते आणि मध्येच डोळ्यांपुढे अंधारी येत होती. घरातील वडीलधाऱ्यांचे मत पडले की, हे काही बाहेरचे आहे. "मौलाना, पाण्यावर दम करून द्या," तो म्हणाला. मी कुरआनच्या आयती पठण केल्या, पाण्यावर दम केला, दुआ केली आणि बाटली त्याच्या हाती दिली. तो समाधानाने गेला. मीही समाधानाने हुजऱ्यात परतलो.

चौथ्या दिवशी पहाटे तिला झटके आले. तिला मोठ्या रुग्णालयात नेण्यात आले. अल्लाहच्या कृपेने माता वाचली. बाळ मात्र पोटातच गेले होते. ते इवलेसे कफन मातीत ठेवताना मी कबरीपाशी उभा होतो. त्या तरुणाने माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हटले, "अल्लाहची मर्जी, मौलाना."

नंतर मला समजले की, गरोदरपणात डोकेदुखी, सूज आणि डोळ्यांपुढे अंधारी ही रक्तदाब वाढल्याची धोक्याची लक्षणे असतात. रक्तदाब मोजायला काही मिनिटेही लागत नाहीत. त्यांच्या घरापासून महापालिकेचे आरोग्य केंद्र चालत दहा मिनिटांच्या अंतरावर होते. आशाताई दोन वेळा दाराशी येऊन गेल्या होत्या आणि "आमच्याकडे सगळे ठीक आहे" असे सांगून त्यांना दारातूनच परत पाठवण्यात आले होते.

बंधूंनो, मी दम केला याचा मला पश्चात्ताप नाही. प्रेषित (सल्ल.) स्वतः आजाऱ्यांवर दुआ पठण करीत असत, ती सुन्नत आहे. मला पश्चात्ताप आहे तो न विचारलेल्या एका प्रश्नाचा. "बेटा, तिला केंद्रात दाखवले का? रक्तदाब मोजला का?" एवढेच मी विचारायला हवे होते. त्या जखमी सहाबीच्या सोबत्यांत मी स्वतःला उभा असलेला पाहिला. त्या दिवसापासून मी एक नियम केला आहे. कोणी आजाऱ्यासाठी दुआ मागायला आले की मी आधी विचारतो, दवाखान्यात दाखवले का? मग दुआ करतो. दुआ आणि दवा या दोन सवती नाहीत, त्या सख्ख्या बहिणी आहेत.

तवक्कुल म्हणजे हात बांधून बसणे नव्हे

"शिफा देणारा अल्लाह आहे, मग दवाखाना कशाला?" हा प्रश्न आपल्यातील काही श्रद्धावंत प्रामाणिकपणे विचारतात. त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. शिफा अल्लाहच देतो, यात शंका नाही. सूरह शुअरामध्ये हजरत इब्राहीम (अलै.) आपल्या पालनकर्त्याचा परिचय देताना हेच सांगतात. परंतु ज्याने शिफा निर्माण केली, त्यानेच तिची साधनेही निर्माण केली. ग्रामीण अरब प्रेषितांकडे (सल्ल.) येऊन विचारू लागले की, आम्ही औषधोपचार करावा काय? तेव्हा त्यांनी उपचार करण्याची आज्ञा दिली आणि वार्धक्य वगळता अल्लाहने प्रत्येक रोगाबरोबर त्याचा उपाय ठेवला आहे, असे समजावले. हजरत साद (रजि.) आजारी पडले तेव्हा त्यांची विचारपूस करून प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना सकीफ कबिल्यातील हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास सांगितले. ज्यांच्या दुआ स्वीकारल्या जात होत्या, त्यांनीच जाणकार वैद्याचा पत्ता दिला! याहून स्पष्ट मार्गदर्शन कोणते असेल?

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतकाळातील प्रसंग आपण जाणता. ते शामच्या दिशेने निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना समजले की, पुढे प्लेगची साथ पसरली आहे. त्यांनी मुहाजिरांशी, अन्सारींशी आणि कुरैशच्या ज्येष्ठांशी सल्लामसलत केली आणि परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहने ठरवलेल्या नियतीपासून पळता काय? हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की, होय, अल्लाहच्या एका नियतीकडून त्याच्याच दुसऱ्या नियतीकडे आम्ही जात आहोत. मग त्यांनी दृष्टांत दिला. एका दरीची एक कड हिरवीगार आणि दुसरी वैराण असेल, तर उंट कोणत्याही कडेला चारले तरी ते अल्लाहच्या नियतीनेच चारले जातील. पण शहाणा माणूस हिरवी कड निवडतो. पुढे हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी साथीच्या प्रदेशात जाऊ नये व तेथून पळूनही जाऊ नये, ही हदीस ऐकवली आणि हजरत उमर (रजि.) यांनी अल्लाहचे आभार मानले.

तो तरुण "अल्लाहची मर्जी" म्हणाला, ते त्याच्या ईमानाचे शब्द होते. संकट कोसळल्यानंतर हे शब्द सबुरी देतात. परंतु संकट येण्यापूर्वी, हिरवी कड समोर दिसत असताना, वैराण कडेने चालत राहणे आणि त्याला मर्जी म्हणणे, हे मात्र नियतीच्या नावावर आपला आळस खपवणे आहे. स्वतःच्या हातांनी विनाशात पडू नका, अशी ताकीद सूरह बकरामध्ये आली आहे.

धाकटे दार

कोल्हापुरातील जुनी माणसे सीपीआर रुग्णालयाला आजही 'थोरला दवाखाना' म्हणतात. केवढे आदराचे नाव! या थोरल्या दवाखान्याने पिढ्यानपिढ्या गोरगरिबांना आधार दिला आहे. परंतु आपली एक सवय झाली आहे. दुखणे लहान असते तेव्हा आपण ते अंगावर काढतो, किंवा औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या आणतो, किंवा पदवी नसलेल्या कोणाकडून सुई टोचून घेतो. दुखणे हाताबाहेर गेले की रिक्षात घालून थेट थोरल्या दवाखान्यात, नाही तर कर्ज काढून खासगी इस्पितळात धावतो. या दोन टोकांच्या मध्ये एक धाकटे दार आहे आणि ते आपल्याला दिसतच नाही.

ते दार म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. १९७८ साली अल्मा-आता येथे जगभरातील राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन जाहीर केले की, आरोग्यसेवेची सुरुवात लोकांच्या घराजवळ झाली पाहिजे. आपल्या देशात ग्रामीण भागासाठी साधारण पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. गगनबावड्यासारख्या डोंगरी भागात हाच निकष तीन हजार आणि वीस हजारांचा होतो. शहरात सुमारे पन्नास हजार लोकांमागे एक नागरी आरोग्य केंद्र धरले जाते. कोल्हापूर महापालिकेची अशी केंद्रे सदर बाजार, सिद्धार्थनगर, राजारामपुरी, फिरंगाई, कसबा बावडा, फुलेवाडी अशा अनेक भागांत आहेत. आपल्या घराचे केंद्र कोणते, हे आपल्याला ठाऊक आहे काय? आज हा लेख वाचून संपल्यावर घरात एवढा एक प्रश्न विचारून पाहा.

या दारातून काय मिळते? गर्भवतीची नोंदणी होते, वजन, रक्तदाब व हिमोग्लोबिन तपासले जाते, लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांमध्ये गर्भवतींची विशेष तपासणी विनामूल्य केली जाते. बाळाला जन्मापासून ठरलेल्या वेळी लसी मिळतात. अतिसार झालेल्या बालकासाठी ओआरएसची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या मिळतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी होते, आणि रोग आढळल्यास औषधे पूर्णतः मोफत मिळतात. त्याशिवाय पोषणासाठी शासन दरमहा रक्कम थेट रुग्णाच्या बँक खात्यात जमा करते. वयाची तीस वर्षे ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तेथे तपासली जाते. केंद्रात न झेपणारा आजार असेल, तर तेथील वैद्यकीय अधिकारी चिठ्ठी देऊन पुढे पाठवतात. तपासणीच्या त्या कागदासह थोरल्या दवाखान्यात जाणाऱ्याला सुरुवातीपासून सारे सांगावे लागत नाही.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत तपासणी व उपचार निःशुल्क केले आहेत. प्रसूतीसाठी नेण्या-आणण्यास १०२ आणि अपघात वा आकस्मिक संकटासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. हे दोन आकडे घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. संकटाच्या घडीला स्मरण साथ देत नाही, भिंत देते.

आपल्याला अडवते काय?

दार जवळ आहे, सेवा मोफत आहे, मग पाऊल का अडते? आपल्या मोहल्ल्यांतून हिंडताना मला चार अडथळे दिसले.

पहिला अडथळा म्हणजे 'फुकटचे ते हलके' ही समजूत. सरकारी गोळी पाण्यात जाते आणि दुकानातील महाग गोळी पोटात जाते! परंतु क्षयरोगाचे औषध असो वा बालकाची लस, तिचा गुण किमतीवर ठरत नाही. उलट, ज्याच्या शिक्षणाची खात्री नाही अशा माणसाच्या हाती आपण शरीर सोपवतो, ते अधिक धोक्याचे आहे. वैद्यकाचे ज्ञान असल्याची ओळख नसताना जो उपचार करील तो होणाऱ्या हानीस जबाबदार राहील, असा प्रेषितांचा (सल्ल.) निर्णय हदीसमध्ये नोंदवलेला आहे. यावरून वैद्याची पात्रता पाहणे ही आपलीही जबाबदारी ठरते.

दुसरा अडथळा हया आणि परद्याचा. लज्जा हा ईमानाचा भाग आहे, तो जपलाच पाहिजे. परंतु दाराशी येणारी आशाताई स्त्री आहे, तपासणारी परिचारिका बहुधा स्त्रीच असते, आणि महिला डॉक्टरांकडून तपासणी व्हावी अशी विनंती करण्यात काहीही गैर नाही. महिला डॉक्टर उपलब्ध नसेल तर काय? आपल्या फुकहांनी नियम सांगून ठेवला आहे की, निकड निर्माण झाली असता मनाई असलेली गोष्टही निकडीपुरती अनुज्ञेय होते. प्रेषितांच्या (सल्ल.) काळात हजरत रुबय्यी (रजि.) यांच्यासारख्या स्त्रिया रणांगणावर जखमींना पाणी पाजीत व त्यांची शुश्रूषा करीत. हजरत साद बिन मुआज (रजि.) जखमी झाले तेव्हा त्यांचा तंबू खुद्द मस्जिदे नबवीत उभारला गेला आणि रुफैदा (रजि.) नावाच्या महिलेने त्यांची सेवा केल्याचे चरित्रकार सांगतात. ज्या धर्माने मस्जिदीच्या अंगणात शुश्रूषेचा तंबू उभारला, त्याच्या नावाने एखाद्या भगिनीला उपचाराविना घरात कोंडून ठेवणे, हा त्या धर्मावर अन्याय आहे.

तिसरा अडथळा बदनामीची भीती. क्षयरोग झाल्याचे कळले तर मुलीचे लग्न मोडेल, म्हणून खोकला लपवला जातो. मग तोच खोकला त्याच खोलीत झोपणाऱ्या नातवापर्यंत जातो. जो आजार साधारणतः सहा महिन्यांच्या नियमित औषधाने बरा होतो, तो लपवल्याने घरभर पसरतो. येथे दोष केवळ लपवणाऱ्याचा नाही. आजाऱ्याच्या घराकडे बोट दाखवणाऱ्या शेजाऱ्यांचाही आहे. आजाऱ्याची भेट घेणे हा मुस्लिमाचा मुस्लिमावर हक्क आहे. त्याची चर्चा करीत फिरणे हा हक्क कोणी दिला?

चौथ्या अडथळ्याविषयी मी जपून लिहितो. गेल्या काही वर्षांत दाराशी वही घेऊन येणाऱ्याकडे आपण संशयाने पाहू लागलो आहोत. नाव काय, घरात माणसे किती, हे प्रश्न ऐकताच काळजात धस्स होते. त्या भीतीला कारणे आहेत, मी ती नाकारीत नाही. परंतु भीतीपोटी दार लावून घेतले तर शिक्षा कोणाला होते? लसीची तारीख चुकलेल्या बालकाला. म्हणून येथेही तेच औषध वापरा : विचारा. ओळखपत्र दाखवा म्हणा, ही नोंद कशासाठी आहे ते विचारा, शंका राहिलीच तर केंद्रात जाऊन खात्री करा. विचारणे हा आपला हक्क आहे. दार लावणे हे त्याचे उत्तर नव्हे.

गोवर आणि आपली मुले

२०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडीत गोवराची साथ उसळली. मालेगाव आणि भिवंडीतही ती पसरली. हे सारे आपल्या दाट वस्तीचे भाग. लहान लहान जनाजे निघाले. बाधितांमध्ये लस न मिळालेली वा अर्धवट मिळालेली बालके मोठ्या संख्येने होती. गोवराची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायची असते. दोन सुया, त्याही मोफत. त्या वेळी अनेक ठिकाणी इमामांनी जुम्याच्या दिवशी मिंबरवरून लसीकरणाचे आवाहन केले आणि लोक ऐकू लागले. माझ्या मनात मात्र एक प्रश्न राहिला. हे आवाहन आपण साथीच्या आधी का केले नाही?

विशेष म्हणजे देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार कसे ओळखावेत, यावर हजार वर्षांपूर्वी ग्रंथ लिहिणारे हकीम अबू बक्र राजी हे आपल्याच ज्ञानपरंपरेतील होते. ज्यांच्या पूर्वजांनी गोवर ओळखायला शिकवले, त्यांचीच लेकरे गोवराने दगावावीत, ही किती शरमेची गोष्ट!

लसीविषयी शंका घेणाऱ्या बुजुर्गांना मी आदराने विचारतो, हजला निघताना मेंदुज्वराची लस आपण घेतलीत ना? ती सौदी शासनाची अट आहे आणि एकही हाजी तिला विरोध करीत नाही. मग नातवाच्या दंडाला सुई लागताना शंका का? पोलिओच्या थेंबांविषयीही एके काळी भलभलत्या अफवा होत्या. उलमांनी व समाजातील जाणत्या माणसांनी पुढे होऊन त्या दूर केल्या. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. लसीनंतर अंग गरम होणे वा सुई टोचलेली जागा दुखणे हे बहुधा दोन दिवसांत ओसरते. काळजी वाटली तर पुन्हा तोच मार्ग : केंद्रात जा आणि विचारा.

उघडलेल्या दारातून आत जाणे

कोल्हापूरच्या मुस्लिमांना उघडलेल्या दाराचे महत्त्व वेगळे सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षपदाची जबाबदारी स्वतः स्वीकारली आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. महाराजांनी दार उघडले, हे त्यांचे मोठेपण. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांनी मुलांचे बोट धरून त्यांना त्या दारातून आत नेले, म्हणूनच ते दार सार्थकी लागले.

आपल्या जिल्ह्याने याहून अलीकडचे उदाहरणही दिले आहे. मे २०२० मध्ये, कोरोनाच्या भयाने सारे जग घरात बंद असताना, इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने रमजानमध्ये जमवलेल्या दानातून ३६ लाख रुपये दिले. त्यातून तेथील आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. ईदच्या दिवशी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे त्याचे उद्घाटन केले. त्या खाटांवर कोणत्या धर्माचा रुग्ण झोपेल, हे कोणी विचारले नाही. एक जीव वाचवणे म्हणजे अखिल मानवजातीला वाचवणे, या सूरह माइदामधील शिकवणीचे ते जिवंत रूप होते.

परंतु बंधूंनो, अतिदक्षता विभाग हे शेवटचे दार आहे. तेथे ३६ लाख लागतात. पहिल्या दाराला आपल्याकडून एक रुपयाही नको, तेथे फक्त आपली पावले हवी आहेत. जो समाज शेवटच्या दारासाठी एवढे देऊ शकतो, तो पहिल्या दारापर्यंत चालत जाऊ शकणार नाही काय?

या केंद्रांत सारेच आलबेल असते असे मी म्हणत नाही. कधी रांग मोठी असते, कधी औषध संपलेले असते, कधी कोणी तुटक बोलते. परंतु जेथे कोणी जात नाही, तेथील उणीव कोण दाखवणार? वस्त्यांमध्ये पन्नास ते शंभर घरांमागे महिला आरोग्य समिती असते. आपल्या भगिनींनी तिच्यात सहभागी व्हावे आणि उणिवा मांडाव्यात. आणि आशाताई दाराशी आल्या, तर त्यांना बसायला जागा व प्यायला पाणी द्यावे. उन्हातान्हात चार मजले चढून त्या आपल्या सुनेची चौकशी करायला येतात. सुनेच्या माहेरचे कोणी आले असते, तर आपण त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवले असते काय?

मस्जिदींच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे. नमाजच्या वेळापत्रकाशेजारी आपल्या भागातील आरोग्य केंद्राचा पत्ता, तेथील वेळा आणि लसीकरणाचा वार लावा. रमजान येण्यापूर्वी एका जुम्याला केंद्रातील डॉक्टरांना बोलवा, म्हणजे मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण रोजांविषयी आधीच सल्ला घेऊ शकतील. रुग्णासाठी रोज्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ती केव्हा घ्यावी हे ठरवताना अल्लाहभीरू व जाणकार डॉक्टराचे मत महत्त्वाचे आहे. आणि माझ्या इमाम बांधवांनो, कोणी बाटली घेऊन आला तर दम अवश्य करा. मात्र बाटली परत देण्यापूर्वी तो एक प्रश्न विचारा.

त्या तरुणाच्या घरी नंतर पुन्हा पाळणा हलला. त्या वेळी तिसऱ्या महिन्यातच तो मला मस्जिदीच्या पायऱ्यांवर भेटला. हातात बाटली होती आणि दुसऱ्या हातात केंद्राने दिलेले माता-बाल संरक्षण कार्ड. "मौलाना, आधी तिकडे जाऊन आलो, आता तुमच्याकडे आलो," तो म्हणाला. मी दम केला. त्या दिवशीची माझी दुआ आधीच्या दुआपेक्षा वेगळी नव्हती. वेगळा होतो तो मी.

हे अल्लाह, आमच्या आजाऱ्यांना शिफा दे. आमच्या मातांच्या आणि त्यांच्या पोटातील लेकरांच्या प्राणांचे रक्षण कर. जे आमच्या दाराशी सेवेसाठी येतात त्यांना उत्तम मोबदला दे. आम्हाला जे ठाऊक नाही ते विचारण्याची नम्रता दे, आणि तू आमच्यासाठी उघडलेल्या दारांतून वेळेवर आत जाण्याची बुद्धी दे. आमीन, या रब्बल आलमीन.